प्रतिसाद: पाटीच्या उलट्या अक्षरांपेक्षा लाल निऑन अवघड

टिनटाइपमध्ये, म्हणजे पत्र्याच्या प्लेटवर थेट घेतलेल्या फोटोत, मोटेलच्या पाटीवरची अक्षरे उलटी उमटतात, ही मूळ लेखात मांडलेली अडचण खरीच आहे. पण काचेवर निगेटिव्ह करून कागदावर छापले की ती सुटते. रूट ६६ या अमेरिकेतल्या जुन्या महामार्गावरच्या मोटेलांच्या बाबतीत खरी पंचाईत रंगाची होते. फ्रेडरिक स्कॉट आर्चरने १८५१ मध्ये जाहीर केलेली ओल्या कोलोडियनची प्लेट (रसायनाचा थर ओला असतानाच फोटो घ्यायची ही पद्धत टिनटाइप आणि काचेची निगेटिव्ह या दोन्हींत वापरतात) मुख्यतः निळा, जांभळा आणि अतिनील प्रकाशच टिपते, त्यामुळे निऑनची लाल नळी डोळ्यांना कितीही झगझगीत दिसली तरी प्लेटवर जवळजवळ उमटत नाही. आर्गॉन-पाऱ्याची निळी नळी मात्र ठसठशीत येते. त्यामुळे लाल पाटी उजळण्याची वाट पाहत तिन्हीसांजेपर्यंत थांबण्यात फारसा अर्थ नाही, शिवाय तेव्हा उपयोगी प्रकाशही उतरलेला असतो. ॲरिझोनातल्या होलब्रुकच्या विगवॅम मोटेलचे पांढरे काँक्रीटचे तंबू (तिथल्या खोल्याच त्या आकाराच्या आहेत) तर भर उन्हातच घ्यावेत. त्यांच्यावरचा लाल नागमोडी पट्टा प्लेटवर काळाभोर होतो आणि, माझ्या मते, मूळच्यापेक्षा अधिक उठून दिसतो.