ग्रहणाचे ‘वेध’ की ‘सूतक काळ’?

गेल्या काही ग्रहणांपासून एक बदल डोळ्यांत भरतो आहे. सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरचा निरोप, बातम्यांखाली धावणारी पट्टी, मोबाइलवरच्या रील्स, सगळीकडे ‘सूतक काळ अमुक वाजता सुरू’ असं लिहिलेलं असतं. लिहिणारे मराठी, वाचणारे मराठी. घरातल्या भिंतीवरच्या पंचांगात मात्र त्याच वेळेपुढे, म्हणजे ग्रहणाआधी उपास पाळण्याच्या काळापुढे, ‘वेध’ छापलेलं असतं. ७ सप्टेंबर २०२५ चं खग्रास चंद्रग्रहण अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्याच दिवशी आलं. घोडबंदर रोडच्या आमच्या सोसायटीत त्या दिवशी ‘सूतक काळा’चे निरोप सकाळपासून फिरत होते. ‘वेध’ हा शब्द कुणी वापरला नाही.

माझं मत आधीच सांगते. ‘वेध’ टिकला पाहिजे, आणि तो केवळ आपला म्हणून नव्हे. हिंदी वाहिन्यांवरून आलेला ‘सूतक’ त्याच्या जागी बसला तर अर्थाचं मोठं नुकसान होतं.

मराठीत सुतक म्हणजे मृत्यूनंतरचं. ‘आमच्याकडे सुतक आहे’ म्हटल्यावर ऐकणारा पहिला प्रश्न विचारतो तो ‘कोण गेलं?’ जन्माचा तो सोयर आणि मरणाचं ते सुतक, अशी वाटणी मराठीने केव्हाच केली आहे. ‘त्याला कशाचं सोयरसुतक नाही’ या वाक्प्रचारात ती पक्की झाली आहे. मूळ संस्कृतात ‘सूतक’ हा प्रसूतीशी नातं सांगणारा शब्द, पण आज मराठी कानाला त्यात तेरा दिवसच ऐकू येतात. पृथ्वीच्या सावलीतून चंद्र जातो, काही तासांत बाहेर येतो, आणि आपण त्याला घरातल्या मरणाचा शब्द लावतो. ज्या मुलांना ग्रहण आयुष्यात पहिल्यांदा कळणार आहे, त्यांना ते या शब्दातून कळावं हे मला मनापासून खुपतं.

आता ‘वेध’. हा ‘व्यध्’ म्हणजे भोसकणे, आरपार जाणे या धातूपासून आला. कान टोचण्याचा संस्कार तो कर्णवेध. नेमबाजाचा तो लक्ष्यवेध. आवाजाच्या रोखाने सुटणारा बाण शब्दवेधी. आकाशाच्या अभ्यासात वेध म्हणजे यंत्रातून किंवा साध्या नळीतून नजर एका रेषेत धरून ग्रहताऱ्याची जागा टिपणं. कोकणातल्या नांदगावचे केशव दैवज्ञ असे वेध घेत आणि जुन्या गणिताने आलेली ग्रहांची स्थानं त्यांवरून तपासत. त्यांचे चिरंजीव गणेश दैवज्ञ यांनी १५२० च्या सुमारास ‘ग्रहलाघव’ रचला आणि पुढे कित्येक पिढ्या महाराष्ट्रातली पंचांगं त्यावरून होत राहिली. असे वेध घेण्याची जागा ती वेधशाळा. मुंबईची कुलाब्याची वेधशाळा १८२६ सालची. तिच्यामुळे ‘वेधशाळेचा अंदाज’ म्हणजे पावसाचा अंदाज हे समीकरण आपल्या बोलण्यात घट्ट बसलं.

म्हणजे जो शब्द उपाशी राहण्याच्या वेळेला, तोच आकाश मोजण्यालाही. एका शब्दात श्रद्धा आणि शास्त्र इतकी शेजारी राहिल्याचं दुसरं उदाहरण मला आठवत नाही. त्यात भर म्हणजे ‘गणपतीचे वेध लागले’, ‘गावी जायचे वेध लागले’. ग्रहणाआधी काहीतरी येऊ घातल्याची जी हुरहुर असते, तीच मराठीने सणाला आणि सुट्टीला लावून टाकली. ‘गणपतीचं सूतक लागलं’ असं कुणी म्हणेल का? तोंडातून निघणारसुद्धा नाही. म्हणून विचारते: तुमच्या भागात, तुमच्या घरात यांतला कोणता शब्द चालतो? आणखी कोणते शब्द ग्रहणाच्या वेळी कानावर येतात?

कोपरखैरण्याहून एक प्रतिसाद

ताई, हिंदीला सगळा दोष देऊ नका. ‘सर्वेषामेव वर्णानां सूतकं राहुदर्शने’ हे वचन धर्मशास्त्राच्या ग्रंथांतून नेहमी दिलं जातं. आमच्या वडिलांना तोंडपाठ होतं. ग्रहण दिसलं की सर्वांनाच अशौच, म्हणजे विटाळ, म्हणून मोक्षानंतर, ग्रहण सुटल्यावर, स्नान. तेव्हा ‘सूतक’ बाहेरून आलेलं नाही, आपल्याच परंपरेतलं आहे.

त्यावर माझं उत्तर

वचन दिलंत याबद्दल आभार. त्यातला ‘राहुदर्शने’ हा शब्द पुन्हा वाचा. राहू दिसल्यावर, म्हणजे ग्रहण प्रत्यक्ष लागल्यावर. त्याआधीचा काळ या वचनात नाही. तो काळ वेधाचा, आणि त्याची मोजणीही वेगळी आहे: सूर्यग्रहणाआधी चार प्रहर, चंद्रग्रहणाआधी तीन. प्रहर तीन तासांचा धरला तर बारा आणि नऊ तास. बालक, वृद्ध आणि आजारी माणसांना त्यात सूट असते. आधीचा वेध आणि ग्रहण दिसल्यावरचं अशौच या दोन गोष्टी शास्त्रकारांनी वेगळ्या ठेवल्या होत्या. व्हॉट्सॲपवरचा ‘सूतक काळ’ दोन्हींची सरमिसळ करतो. जो परंपरा मानतो त्यानेही ‘वेध’च म्हणायला हवं.

नौपाड्यातून, एका जुन्या ठाणेकराचा प्रतिसाद

आमच्या लहानपणी ‘गिऱ्हाण’ म्हणायचे. ग्रहण सुटलं की खालच्या गल्लीतून ‘दे दान, सुटे गिऱ्हाण’ अशी आरोळी यायची आणि आई सुपातून धान्य द्यायची. आता टॉवरच्या गेटमधून कोण आत सोडणार? त्यामुळे नातवंडांना ती आरोळी माहीतच नाही.

१६ फेब्रुवारी १९८० चं सूर्यग्रहण मला चांगलं आठवतं. खग्रास पट्टा कारवार, हुबळी, रायचूरवरून गेला. ठाण्यात ते खंडग्रास होतं, तरी भर दुपारी रस्ते ओस पडले होते. लोकांनी घरातच थांबावं म्हणून दूरदर्शनने सिनेमा दाखवला होता. आम्ही पोरं तो बघत बसलो आणि बाहेर सूर्याची कोर झाली होती! शेजारचे एक मास्तर मात्र अंगणात उभे होते. पिंपळाच्या पानांमधल्या फटींतून जमिनीवर पडलेले कवडसे त्यांनी आम्हाला नंतर कागदावर काढून दाखवले. प्रत्येक कवडसा चंद्रकोरीसारखा. तुमच्या भाषेत सांगायचं तर त्या दिवशी अख्ख्या गल्लीने वेध पाळले आणि मास्तरांनी एकट्याने घेतले.

कळव्याहून, रुग्णालयात परिचारिका असलेल्या एका ताईंचा प्रतिसाद

शब्दापेक्षा मला त्याच्या परिणामाबद्दल बोलायचं आहे. गरोदर बायकांना ग्रहणात विळी-सुरीला हात लावू देत नाहीत, भाजी चिरली तर बाळाचा ओठ फाटलेला होतो म्हणतात. असं बाळ जन्मलं की ‘ग्रहणात सापडलं’ म्हणतात आणि सगळा ठपका आईवर येतो. हे मी वॉर्डात पाहिलं आहे. ती बाई आधीच रडत असते, त्यात सासूबाई विचारतात, ‘तेव्हा काय चिरलं होतंस, आठव.’

बाळाचा वरचा ओठ गरोदरपणाच्या साधारण चौथ्या ते सातव्या आठवड्यात जुळतो. टाळू सहाव्या ते नवव्या आठवड्यात. पोट दिसायला लागून घरचे ग्रहण पाळायला सांगतात, तोवर हे सगळं कधीच होऊन गेलेलं असतं. सातव्या महिन्यातल्या ग्रहणाने ओठ फाटू शकत नाही, कारण तो तेव्हा बनून तयार असतो. या दोषाची कारणं आनुवंशिक असतात, काही औषधं असतात, आईची तंबाखू असते. आणि शस्त्रक्रियेने ओठ छान दुरुस्त होतो. ‘सूतक’ म्हणा नाहीतर ‘वेध’, पण ‘ग्रहणात सापडलं’ हा वाक्प्रचार तेवढा बंद करा अशी सगळ्यांना हात जोडून विनंती आहे.

वाशीहून एक प्रतिसाद

२५ ऑक्टोबर २०२२ ला, लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी, खंडग्रास सूर्यग्रहण होतं. आम्ही मिनी सीशोअरला ग्रहणाचे चष्मे घेऊन गेलो होतो. खाडीपलीकडे सूर्य मावळला तो ग्रासलेलाच. घरी येऊन पंचांग पाहिलं तर त्याला शब्द होता ‘ग्रस्तास्त’. ग्रासलेल्या अवस्थेतच अस्त. उगवतानाच ग्रासलेला असेल तर ‘ग्रस्तोदित’. इतक्या नेमक्या घटनेला एका शब्दाचं नाव आहे याचा मला फार आनंद झाला. हे शब्द बातम्यांत का येत नाहीत? ‘ब्लड मून’ मात्र लगेच येतो.

माझं उत्तर

कळव्याच्या ताई, तुमचा प्रतिसाद मी सोसायटीच्या ग्रुपवर जसाच्या तसा टाकते आहे. परवानगी गृहीत धरते, चालणार नसेल तर इथेच सांगा.

वाशीकरांनी नेमकं बोट ठेवलं. पंचांगात खग्रास ग्रहणाच्या पाच वेळा असतात: स्पर्श, संमीलन, मध्य, उन्मीलन, मोक्ष. संमीलन म्हणजे डोळे मिटणं, उन्मीलन म्हणजे डोळे उघडणं. पूर्ण झाकोळलेल्या चंद्राला आपल्या पूर्वजांनी डोळे मिटलेला चंद्र म्हटलं! ७ सप्टेंबरला स्पर्श, म्हणजे ग्रहण लागणं, रात्री ९ वाजून ५७ मिनिटांनी होता, संमीलन अकराच्या सुमारास, उन्मीलन मध्यरात्रीनंतर साधारण २० मिनिटांनी. मधला जवळजवळ ८२ मिनिटांचा काळ चंद्र तांबूस होता, कारण पृथ्वीच्या वातावरणातून वाकून जाणारा लालसर प्रकाशच तेवढा त्याच्यापर्यंत पोचतो. ‘ब्लड मून’मध्ये रक्त आणि भीती आहे. ‘संमीलना’त ती नाही.

राहूबद्दलही तेच. चंद्राची कक्षा पृथ्वीच्या कक्षेशी सुमारे पाच अंशांनी कललेली आहे. आकाशात चंद्राचा मार्ग सूर्याच्या मार्गाला जिथे छेदतो ते दोन बिंदू म्हणजे राहू आणि केतू. पौर्णिमा किंवा अमावास्या त्यांच्या जवळ आली तरच ग्रहण होतं, नाहीतर दर महिन्याला दोन ग्रहणं झाली असती. चंद्र सूर्याला झाकतो आणि पृथ्वीची सावली चंद्राला झाकते, हे आर्यभटाने इसवी सन ४९९ च्या आपल्या ग्रंथात स्पष्ट लिहिलं आहे. राक्षसाचं नाव गणितातल्या बिंदूला राहिलं, आणि दोन्ही अर्थ शेजारीशेजारी चालत आले.

नेरूळहून, मराठी शिकवणाऱ्या एका सरांचा प्रतिसाद

एक व्याकरणाचा मुद्दा. ‘वेध’ लागतो तेव्हा तो नेहमी अनेकवचनी असतो: ग्रहणाचे वेध लागले, सुट्टीचे वेध लागले. एखाद्या गोष्टीचा शोध किंवा आढावा घेतो तेव्हा तो एकवचनी होतो: भविष्याचा वेध घेतला, प्रश्नाचा वेध घेतला. ‘सुट्टीचा वेध लागला’ मराठी कानाला चुकीचं वाटतं. हुरहुरीचा अर्थ ग्रहणाच्या अर्थातूनच आला असावा, याला मला ही वचनाची खूण पुरेशी वाटते. दोन्हींना क्रियापदही एकच, ‘लागणे’.

आमच्या शाळेतल्या मुलांना मात्र ‘वेध’ म्हटलं की ठाण्याची व्यवसाय प्रबोधन परिषद आठवते, मनोविकारतज्ज्ञ डॉ. आनंद नाडकर्णी आणि मानसिक आरोग्यासाठी काम करणाऱ्या त्यांच्या आयपीएच संस्थेची. नाव किती चपखल! पुढे काय करायचं याचे वेध लागण्याचं वय, आणि तिथे त्याचा वेध घेतला जातो. दोन्ही वचनं एकाच सभागृहात.

कोपरखैरण्याहून पुन्हा

सरांचा मुद्दा पटला. ‘राहुदर्शने’बद्दल ताईंचंही पटलं. ग्रहण चालू असतानाच्या अशौचाला मी ‘सूतक’च म्हणेन, ते माझ्या वडिलांचं आहे. त्याआधीच्या वेळेला ‘वेध’.

माझं उत्तर

मला ही विभागणी मान्य आहे. आमच्या सोसायटीच्या सचिवांनी पुढच्या चंद्रग्रहणासाठी निरोपाचा मसुदा मागितला होता, तो असा दिला आहे: ‘ग्रहणाचे वेध, स्पर्श, मध्य आणि मोक्ष यांच्या वेळा पंचांगाप्रमाणे खाली दिल्या आहेत. चंद्रग्रहण साध्या डोळ्यांनी पाहणं सुरक्षित आहे. त्या रात्री गच्ची मोक्षापर्यंत उघडी राहील, किल्ली वॉचमनकडे मिळेल.’ यात काही सुचवायचं असेल तर सांगा.