सामना खिशात आहे, तरी धुवत राहायचं? (अमेरिकन कॉलेज फुटबॉल)

शनिवारकर:

कॉलेज फुटबॉलचा मोसम आला की आमच्या ग्रुपवर एक वाद ठरलेला. शेवटचा क्वार्टर चालू आहे, आघाडी चाळीस गुणांची, प्रेक्षक पार्किंगच्या दिशेने निघालेत, आणि पुढे असलेला कोच अजून लांब पास टाकायला लावतोय. माझं मत आधीच सांगून टाकतो: हा निव्वळ माज आहे.

खेळ परका असेल त्यांच्यासाठी दोन ओळी. बॉल घेऊन पळणाऱ्याला मैदानाच्या आत पाडलं की घड्याळ चालू राहतं. पास टाकला आणि कुणी झेलला नाही की घड्याळ थांबतं. म्हणून जिंकत आलेला संघ शेवटी नुसता पळतो, वेळ खातो, आणि अगदी शेवटी क्वार्टरबॅक (चाल सुरू करणारा, पास टाकणारा मुख्य खेळाडू) बॉल हातात घेऊन गुडघा टेकवतो आणि चाल तिथेच संपवतो. कुठल्याही नियमात लिहिलेलं नाही, पण सगळे पाळतात. तो संकेत मोडला की स्कोअर फुगवला अशी बोंब होते.

गुण किती झाले यावरून मी कुणाला धारेवर धरत नाही. समोरचा संघ दुबळा असेल तर सत्तरही होतात. मी बघतो ती चाल. २००८ मध्ये जॅक्सनविलला फ्लोरिडा ४९–१० ने जॉर्जियाच्या पुढे होती, आणि कोच अर्बन मायरने शेवटच्या मिनिटात दोन टाइमआउट घेतले, म्हणजे चालू घड्याळ मुद्दाम थांबवलं. जिंकायला नव्हेत. समोरच्यांना अजून थोडा वेळ मैदानावर उभं ठेवायला. आदल्या वर्षी पहिल्या टचडाउननंतर (बॉल समोरच्यांच्या शेवटच्या पट्ट्यात नेला की टचडाउन) जॉर्जियाचा अख्खा संघ मैदानात घुसून नाचला होता, त्याचं हे उट्टं. राग मी समजू शकतो. पण मुलांच्या खेळात मोठ्या माणसांनी वर्षभर जपलेला राग बघायला मला तरी आवडत नाही.

गुडघा टेकू नका:

शनिवारकर, उदाहरण तुम्ही सोयीचं निवडलंत. टाइमआउटची खोडी वेगळी आणि खेळत राहणं वेगळं. दोन्ही एका पिशवीत भरू नका.

आता माझं ऐका. १० नोव्हेंबर १९८४. मायामी मध्यंतराला ३१–० ने पुढे. मेरीलँडने तो सामना ४२–४० ने जिंकला. मायामीचा कोच कोण? जिमी जॉन्सन. पुढच्याच वर्षी त्याच्या संघाने नोटर डेमला ५८–७ ने धुतलं आणि अख्खा देश त्याच्यावर तुटून पडला, कारण नोटर डेमचा कोच गेरी फाउस्ट याचा तो शेवटचा सामना होता. ज्या माणसाच्या हातून ३१ ची आघाडी निसटलीय त्याला ‘आता पुरे’ कोणत्या तोंडाने सांगणार? आणि फाउस्टचा निरोप समारंभ गोड करणं ही मायामीची जबाबदारी कधीपासून झाली?

शनिवारकर:

३१–० आणि ५८–७ यात फरक आहे हो. शेवटच्या काही मिनिटांत ५० गुण भरून निघत नाहीत, हे जॉन्सनलाही ठाऊक होतं. जुनी जखम दाखवून प्रत्येक फटका माफ होत नसतो.

अटलांटाची आत्या:

तुम्ही सगळे कालपरवाच्या गोष्टी काढताय. या वादाचे आजोबा आमच्या गावचे. ७ ऑक्टोबर १९१६, अटलांटा, जॉर्जिया टेक २२२, कंबरलंड ०. छपाईची चूक नाही, दोनशे बावीसच.

टेनेसीतल्या कंबरलंडने त्या वर्षी फुटबॉलचा संघच मोडीत काढला होता. पण करार झालेला. आला नाहीत तर ३००० डॉलर दंड, आलात तर ५०० डॉलर मानधन. म्हणून एका विद्यार्थी-मॅनेजरने मिळतील ती पोरं गोळा केली आणि गाडीत घातली. समोर कोच जॉन हाइझमन. हाच टेकच्या बेसबॉल संघाचाही कोच, आणि त्याच वर्षी कंबरलंडने बेसबॉलमध्ये टेकला २२–० ने हरवलं होतं. त्यांनी पैसे देऊन व्यावसायिक खेळाडू उतरवल्याचा टेकवाल्यांना संशय होता. मध्यंतरालाच स्कोअर १२६–०. संपूर्ण सामन्यात दोघांपैकी एकाही संघाला फर्स्ट डाउन (चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे गेल्यावर मिळणारी नवी संधी) मिळाला नाही. कंबरलंडला दहा यार्ड जाताच येईना, आणि टेकला फर्स्ट डाउनची गरजच पडेना, त्याआधीच टचडाउन!

आणि आज देशातल्या सर्वोत्तम कॉलेज खेळाडूला दरवर्षी कुणाच्या नावाने ट्रॉफी देतात? याच हाइझमनच्या. तेव्हा माज वगैरे शब्द जपून वापरा, शनिवारकर.

शनिवारकर:

आत्या, ट्रॉफी मिळाली म्हणून वागणं शोभून दिसतं असं थोडंच आहे!

अटलांटाची आत्या:

मी कुठे शोभतं म्हणाले? एक बाजू मात्र तुमच्या कामाची आहे. त्या सामन्याचा दुसरा हाफ दोन्ही बाजूंनी मिळून छोटा केला होता. २२२ करणाऱ्यालाही कुठेतरी थांबावंसं वाटलं असेल, किंवा घरी जायची घाई झाली असेल.

हिशेबनीस:

भावना बाजूला ठेवा, हिशेब बघा. पहिल्या श्रेणीत १३० हून जास्त संघ आहेत आणि प्रत्येकाचे नियमित सामने साधारण बारा. सगळे सगळ्यांशी खेळूच शकत नाहीत. मग श्रेष्ठ कोण हे बरीच वर्षं ठरायचं मतांवर. मत देणारे पत्रकार आणि कोच दर शनिवारी पन्नास सामने बघत नाहीत, रात्री निकालांची यादी बघतात. १७–१४ आणि ५२–१४ यातलं त्यांच्या डोक्यात काय राहतं, हे सांगायला ज्योतिषी नको.

२००८ सालीच बिग ट्वेल्व्ह या लीगच्या दक्षिण गटात टेक्ससने ओक्लाहोमाला हरवलं, टेक्सस टेकने टेक्ससला, आणि ओक्लाहोमाने टेक्सस टेकला, तेही ६५–२१ ने. तिघांची एकेकच हार. लीगच्या अंतिम सामन्यात कोण जाणार हे ठरलं बीसीएस या तेव्हाच्या, मतं आणि संगणक मिळून ठरणाऱ्या क्रमवारीवर. ओक्लाहोमा गेली. त्या मोसमात सलग पाच सामन्यांत त्यांनी साठच्या वर गुण केले. टेक्ससने तर त्यांना समोरासमोर ४५–३५ ने हरवलं होतं! आता मला सांगा, त्या कोचने सभ्यपणे ३८ वर थांबायला हवं होतं का? घोडा गवताशी दोस्ती करेल तर खाईल काय?

संगणकांच्या हिशेबातून विजयाचं अंतर २००२ पासून काढून टाकलं हे खरं. आता प्लेऑफचे, म्हणजे मोसमअखेरच्या बाद फेरीचे संघ निवडणारी समितीही म्हणते की मोठ्या फरकाला प्रोत्साहन देणार नाही. पण समितीत माणसंच बसतात ना? माणसाच्या डोळ्यासमोरून ६२ आकडा कसा काढणार?

शनिवारकर:

हिशेबनीस, तुमचा मुद्दा वजनदार आहे, मान्य. पण तो ओक्लाहोमाला लागू पडतो. १९६८ च्या ओहायो स्टेटला पडतो का? मिशिगनविरुद्ध ५०–१४ झाल्यावर कोच वुडी हेजने टचडाउननंतरची एक गुणाची साधी किक न मारता दोन गुणांचा प्रयत्न (बॉल पुन्हा आत नेण्याचा) केला. तो फसला, ही गोष्ट वेगळी. का केला विचारल्यावर ‘तीन मिळत नव्हते म्हणून’ असं तो म्हणाला, अशी दंतकथा आहे. खरी असो वा खोटी, तिकडे ती अजून कौतुकाने सांगतात. यात कुठलं रँकिंग आलं? ही तर खुमखुमी.

गुडघा टेकू नका:

पुढचं पण सांगा की! १९६९ ला ओहायो स्टेट पहिल्या क्रमांकावर, सलग २२ विजय, आणि मिशिगनचा नवा कोच बो शेमबेकलर याने सराव संघाला ५० आकड्याच्या जर्सी घालायला लावल्या. निकाल: मिशिगन २४, ओहायो स्टेट १२. हेजच्या त्या दोन गुणांनी मिशिगनचं भलंच केलं. अपमान ही उत्तम खुराक आहे, हे मिशिगनच्या गावाला, अख्ख्या ॲन आर्बरला विचारा.

लेफ्ट टॅकल:

कोच आणि मतदारांवर बरंच झालं. बेंचवर बसलेल्या पोरांचं कुणी बोलेल का?

माझा भाचा ओहायोतल्या एका लहान कॉलेजात खेळतो. खेळतो म्हणजे काय, सराव करतो. सकाळी साडेपाचला वजनं उचलतो, आठवडाभर समोरच्या संघाच्या चाली आपल्याच स्टार्टर्सना (पहिल्या फळीला) करून दाखवतो, आणि शनिवारी टोपी घालून कडेला उभा राहतो. आघाडी पस्तीसची झाली की त्याला मैदानात सोडतात. एकदा असा आठ-नऊ मिनिटं खेळला. सामन्यानंतर सगळी पोरं आंघोळीला गेली, हा पांढऱ्या पँटवरचा गवताचा हिरवा डाग फोटोत नीट यावा म्हणून पाय वळवून उभा होता. त्याच्या आईने पँट अजून धुतलेली नाही, हे मला बहिणीकडून कळलं.

त्या पोराला तुम्ही सांगणार, बाळा, पास टाकू नकोस, पळून आत जाऊ नकोस, समोरच्यांना वाईट वाटेल? त्याच्यासाठी तोच सामना आहे हो. स्टार्टर ठेवून धुतलं तर शिव्या घाला, मीही घालेन. तिसऱ्या फळीचा मुलगा टचडाउन करतो तेव्हा टाळ्या वाजवा.

शनिवारकर:

लेफ्ट टॅकल, इथे आपलं एकमत आहे. माझं भांडण पहिल्या फळीशी आहे. आणि ती ठेवण्यात दुसराही धोका असतो. नोव्हेंबर २०१९, अलाबामा मिसिसिपी स्टेटविरुद्ध ३५–७ ने पुढे, आणि मध्यंतराआधी क्वार्टरबॅक टुआ टागोवायलोआ अजून मैदानात. कोच सेबनला त्याच्याकडून दोन मिनिटांच्या चढाईचा सराव करून घ्यायचा होता. तिथेच टुआच्या मांडीचं हाड खुब्याच्या सांध्यातून निखळलं. मोसम संपला.

हिशेबनीस:

तो दुसरा क्वार्टर होता. मेरीलँडची आठवण असलेला कुठलाही कोच दुसऱ्या क्वार्टरमध्ये क्वार्टरबॅक काढत नाही. हे उदाहरण तुमच्या बाजूने उभं राहत नाही.

आणि बदली उतरवले म्हणजे पाप धुतलं असंही नाही. १९८९ मध्ये ह्यूस्टनने एसएमयूला (सदर्न मेथडिस्ट युनिव्हर्सिटी) ९५–२१ ने हरवलं, एकूण १०२१ यार्ड. नियमभंगाच्या शिक्षेमुळे एसएमयू दोन मोसम खेळलेलीच नव्हती, संघात बहुतेक कोवळी पोरं. दुसऱ्या हाफमध्ये ह्यूस्टनचा बदली क्वार्टरबॅक आला, तरी पास थांबले नाहीत. त्यांना ती एकच पद्धत येत होती म्हणे.

कल्याणकर:

मी फुटबॉल बघत नाही, पण हा वाद आमच्या घराजवळचा आहे. जानेवारी २०१६, कल्याण, भंडारी कप. के. सी. गांधी शाळेकडून प्रणव धनावडे नाबाद १००९. संघाच्या ३ बाद १४६५. समोर आर्य गुरुकुल, ३१ आणि ५२ मध्ये गारद. जगभर बातमी झाली, कौतुक झालं, व्हायलाच हवं होतं. पण समोर उन्हात चेंडू आणायला धावणारी, वयाने आणि अनुभवाने लहान पोरं कोण होती, हे विचारणारे मोजकेच निघाले. चूक मुलाची नाही, तो बॅटिंग करत होता. डाव घोषित करायचा अधिकार मोठ्यांकडे असतो.

अटलांटाची आत्या:

मग उलट गोष्टही आठवा. १९४८, पुणे, रणजी. भाऊसाहेब निंबाळकर नाबाद ४४३, ब्रॅडमनच्या ४५२ ला मागे टाकायला फक्त दहा धावा हव्यात, महाराष्ट्र ४ बाद ८२६. आणि काठियावाडचे कप्तान, राजकोटचे ठाकोरसाहेब, पुढे खेळायलाच तयार होईनात. संघ घेऊन निघून गेले. आजही मराठी माणूस कुणावर चिडतो? धावा कुटणाऱ्यावर नाही, मैदान सोडणाऱ्यावर. तुमच्या शिष्टाचाराची ही दुसरी बाजू.

शनिवारकर:

आत्या, इथे मी अडकलो. निंबाळकरांना त्या दहा धावा मिळायला हव्या होत्या, यावर माझं काही दुमत नाही. पण विक्रम एका माणसाचा असतो. ४९–१० वर टाइमआउट घेऊन कुणाचा विक्रम होत होता?

गुडघा टेकू नका:

फ्लोरिडाचा तेव्हाचा कोच स्टीव्ह स्परियर याला विचारा. १९९५ ला जॉर्जियाच्या घरच्या मैदानावर फ्लोरिडाने ५२ केले, कारण तिथे येऊन कुणी पन्नास केले नव्हते असं त्याला कळलं होतं. त्याने ते लपवलं पण नाही. मला तो प्रामाणिक वाटतो. आतून हसत बाहेरून सभ्यपणाचा आव आणणाऱ्यांपेक्षा बरा.

हिशेबनीस:

सगळ्यांनी सोडलेली गोष्ट म्हणजे पैसा. २०१२ मध्ये सव्हाना स्टेट या छोट्या संघाने ओक्लाहोमा स्टेटकडून ८४–० आणि पुढच्या आठवड्यात फ्लोरिडा स्टेटकडून ५५–० असा मार खाल्ला. या दोन सामन्यांचे मिळून ८ लाख ६० हजार डॉलर कबूल झाले होते. छोट्या कॉलेजांचे इतर खेळ अशाच पैशांवर चालतात. म्हणजे धुलाई आधीच विकत घेतलेली, स्कोअर नंतर छापायचा. सौजन्याबद्दल विचारायचंच असेल तर तो सामना ठरवणाऱ्यांना विचारा, चौथ्या क्वार्टरमधल्या कोचला नाही.

लेफ्ट टॅकल:

त्यातल्या दुसऱ्या सामन्यात घड्याळ न थांबवता चालू ठेवलं होतं, आणि विजा कडाडू लागल्यावर तिसऱ्या क्वार्टरमध्येच खेळ थांबवला. कॉलेजच्या नियमात सोय आहे: दोन्ही कोच आणि रेफ्री राजी असतील तर उरलेला वेळ कमी करता येतो. पण मागे असलेल्या कोचने हजारो लोकांसमोर आणि टीव्हीवर ‘पुरे’ म्हणायचं? कोण म्हणेल?

शनिवारकर:

म्हणून संमती नकोच. अनेक राज्यांत शाळांच्या सामन्यांना आहे तसं करा. दुसऱ्या हाफमध्ये ३५ ची आघाडी झाली की घड्याळ आपोआप चालू. कुणाला काही मागायला नको, कुणाची मान खाली जायला नको.

गुडघा टेकू नका:

२१ ऑक्टोबर २००६. तिसऱ्या क्वार्टरमध्ये नॉर्थवेस्टर्न ३८, मिशिगन स्टेट ३. बरोबर ३५. शेवट: मिशिगन स्टेट ४१–३८. तुमच्या नियमाने तो सामना मारून टाकला असता.

शनिवारकर:

बरं, मग ४२ करा. आणि पुढे असलेल्याचे टाइमआउट काढून घ्या.

गुडघा टेकू नका:

४२ वर बोलू. टाइमआउटही घ्या काढून. पण दोन गुणांचा प्रयत्न बंद करायला मी तयार नाही, आताच सांगून ठेवतो.