शाकुंतलातला दुष्यंत खरंच प्रेमात आहे का?

कोरांटी:
आमच्या वाचनगटात सध्या कालिदासाचं शाकुंतल चालू आहे. दुसऱ्या अंकात दुष्यंत विदूषकापुढे शकुंतलेचं वर्णन करतो तिथे मी अडकलेय. कोणी न हुंगलेलं फूल, नख न लागलेली पालवी, न विंधलेलं रत्न, न चाखलेला मध, आणि वर म्हणतो ब्रह्मदेव हिचा 'भोक्ता' म्हणून कोणाला उभा करणार कोण जाणे! सगळ्या उपभोगाच्याच वस्तू की हो. शाळेपासून हे प्रेमकाव्य म्हणून ऐकलंय पण आता वाचताना नकोसं झालं. तुम्हाला काय वाटतं?

पारावरचा:
तिसऱ्या अंकात तर अजून उघड आहे. पोपटाच्या पोटासारख्या मऊ कमळपानावर ती नखाने लिहिते की तुझं मन मला ठाऊक नाही पण निर्दया, मला मदन दिवसरात्र तापवतोय. आडून ऐकणारा राजा लगेच पुढे येऊन म्हणतो, तुला नुसता तापवतो, मला तर जाळतोच. ती सरळ विचारतेय, ह्याला आपलं दुःख मोठं ठरवायची घाई. अनसूया म्हणते राजांना राण्या खूप असतात म्हणे, तर उत्तर काय, माझ्या कुळाचे आधार दोनच, समुद्राने वेढलेली पृथ्वी आणि तुमची ही सखी. प्रेमातही राज्य आलंच.

शेवंता७:
दोघांचंही पटतंय पण अर्ध्यावर निकाल देऊ नका, पाचवा अंक, जिथे राजा तिला ओळखच देत नाही, तो प्राकृतात मोठ्याने वाचा (शकुंतला प्राकृतातच बोलते), खालची संस्कृत छाया, म्हणजे त्या प्राकृताचं संस्कृत रूपांतर, नको. ती 'अज्जउत्त' म्हणायला जाते, म्हणजे आर्यपुत्र, बायकोने नवऱ्याला मारायची हाक, आणि मध्येच थांबते, लग्नावरच संशय आहे तर ही हाक कशी मारू, म्हणून 'पौरव', म्हणजे पुरुवंशातला, असं नुसतं कुळाचं नाव घेते. आणि मग चिडून 'अणज्ज'! अनार्य! तोच अज्ज उलटा फिरवून तोंडावर मारलाय. मला तर अख्ख्या नाटकात हाच शब्द सगळ्यात जिवंत वाटतो. आपल्याकडे १८८० ला पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांच्या मराठी संगीत शाकुंतलाच्या पहिल्या प्रयोगात चारच अंक होते, बाकीचे नंतर आले, आणि शाळेतही चौथ्या अंकातल्या पाठवणीचंच कौतुक, त्यामुळे चिडलेली शकुंतला कुणाच्या फारशी लक्षातच नसते.
आणि सातव्यात दुष्यंताची भाषा बघा, पाया पडून म्हणतो की आंधळ्याच्या डोक्यावर फुलांची माळ घातली तरी साप समजून तो ती झटकतो. फूल तेच, पण आता उणीव ह्याच्यात आहे. कालिदासाने हे मुद्दाम केलंय असं माझं ठाम मत आहे.

कोरांटी:
माळेचं लक्षातच आलं नव्हतं, गटात नक्की मांडते. पण मग दुसऱ्या अंकाच्या शेवटी तो विदूषकाला सांगतो ना, मित्रा ही सगळी थट्टा होती, खरं मानू नकोस, ते मला माफ करवत नाही. सहाव्यात स्वतःच विचारतो की तू मला तिची आठवण का नाही करून दिलीस, तर तो बिचारा म्हणतो, तुम्हीच थट्टा म्हणालात, मी मातीच्या डोक्याचा, मी तेच धरून चाललो. ह्यावर कोणी लिहा ना.