आईच्या पेन्शनच्या खात्यातून वर्षात २,६८३ रुपये कापले गेलेत, यातलं काय काय थांबवता येईल?

कराडची_लेक

नमस्कार मंडळी. बाबा एसटीत होते, वर्कशॉपला. ते गेल्यापासून आईला ईपीएफओची पेन्शन येते, महिन्याला २,१४० रुपये. मी पुण्यात असते, आई कराडजवळ गावी एकटी असते, वय ६७. गेले काही महिने फोनवर सारखं म्हणायची की अगं खात्यात पैसे राहतच नाहीत, मी तर दोन हजारच्या वर कधी काढत नाही. मला वाटायचं तिचा हिशोब चुकत असेल, म्हणून मी फार लक्ष दिलं नाही आणि त्याचं आता फार वाईट वाटतंय. गणपतीला घरी गेले तेव्हा बँकेत जाऊन पासबुकवर एंट्री मारून घेतली, रात्री दोघी पेन घेऊन बसलो आणि मागच्या बारा महिन्यांत जे जे कापलं गेलंय त्याच्याखाली रेघ ओढत गेलो.

मिनिमम बॅलन्सचे दर तिमाहीला ११८ म्हणजे ४७२. एसएमएसचे १७.७० चार वेळा, ७०.८०. एटीएम कार्डाचे २३६. मग ‘एसीएच रिटर्न’ असं लिहिलेलं आहे त्याचे २९५ तीन वेळा, म्हणजे ८८५. एक ‘ग्रुप इन्शुरन्स’ म्हणून १,००० आणि पीएमएसबीवाय म्हणून २०. सगळं मिळून २,६८३ रुपये ८० पैसे. म्हणजे बारा पेन्शनी आल्या त्यातली एक सबंध पेन्शन आणि वर पाचशे रुपये बँकेतच गेले. आईने ते ऐकलं आणि काहीच बोलली नाही, नुसती पासबुकाकडे बघत बसली.

ब्रँचमध्ये विचारलं तर काउंटरवरच्या मुलाने सांगितलं सिस्टिमने कापलंय, आमच्या हातात नाही. बँकेचं नाव लिहीत नाही, मला भांडायचं नाहीये, मला हे थांबवायचंय. यातलं काय बंद करता येतं, काय परत मिळतं, आणि खातंच दुसऱ्या बँकेत हलवावं का? ज्यांना माहीत आहे त्यांनी प्लीज सविस्तर सांगा, दसऱ्याला परत जाणार आहे तेव्हा एका फेरीत सगळं करायचंय.

---

जुना_कॅशियर

ताई, मी बत्तीस वर्षं बँकेत काढली, त्यातली बरीच काउंटरवर. ‘सिस्टिमने कापलं’ हे उत्तर ऐकून घेऊ नका, सिस्टिमला कोणीतरी सांगितल्याशिवाय ती कापत नाही.

आधी मिनिमम बॅलन्सचं. रिझर्व्ह बँकेचा २०१४ चा नियम आहे, १ एप्रिल २०१५ पासून लागू झालाय. त्यात तीन गोष्टी आहेत. शिल्लक कमी पडली की बँकेने आधी ग्राहकाला कळवायचं आणि भरपाईला निदान एक महिना द्यायचा. दंड जेवढे पैसे कमी पडलेत त्या प्रमाणात घ्यायचा, म्हणजे शंभर कमी पडले त्यालाही तेवढाच आणि नऊशे कमी पडले त्यालाही तेवढाच असं चालत नाही. आणि फक्त या दंडामुळे खातं मायनसमध्ये जाता कामा नये. तुमच्या आईंच्या चारही तिमाहींना बरोबर ११८ च कापलेत, म्हणजे १०० अधिक १८ टक्के जीएसटी. शिल्लक चारही वेळा सारखीच कमी होती का हे पासबुकात बघा, नसेल तर तोच तुमचा पहिला मुद्दा. दुसरा, आधी कळवल्याचा एसएमएस किंवा पत्र दाखवा म्हणायचं.

आणि कायमचा उपाय म्हणजे खातं बीएसबीडी करून घ्या, लोक ज्याला झिरो बॅलन्स म्हणतात ते. त्याला मिनिमम बॅलन्स नाही, एटीएम कार्डाला वर्षाचे पैसे नाहीत, महिन्यातून चार वेळा पैसे काढणं फुकट. पेन्शनवाल्या माणसाला चार वेळा भरपूर झालं. म्हणजे ४७२ आणि २३६ दोन्ही एका अर्जात थांबतात. एकच अट लक्षात ठेवा, त्याच बँकेत दुसरं सेव्हिंग खातं ठेवता येत नाही, असेल तर बंद करावं लागतं. काउंटरवर सांगतील की असं खातं फक्त जनधनवाल्यांना असतं, तसं नाही, कोणालाही मागता येतं.

अर्ज दोन प्रतींत लिहा, मराठीत लिहिला तरी चालतो, आणि एका प्रतीवर तारखेसकट शिक्का मारून पोच घ्या. हे मी नोकरीत असताना सुद्धा लोकांना सांगायचो, तोंडी सांगितलेलं टेबलावरच राहतं.

ते पीएमएसबीवायचे २० रुपये मात्र काढू नका. अपघात विमा आहे सरकारचा, दोन लाखांचा, वयाच्या ७० पर्यंत. दर वर्षी मे अखेरीस कापतात आणि १ जून ते ३१ मे असा चालतो. गावात पावसाळ्यात घसरण्याचं, साप चावण्याचं भय असतं, वीस रुपयांत हे संरक्षण महाग नाही. आईंना मात्र सांगून ठेवा आणि नॉमिनी कोण लावलाय तेही बघून घ्या.

---

ठाणे_अकाउंट्स

काकांनी बाकी सगळं बरोबर सांगितलंय, मी फक्त त्या २९५ बद्दल लिहिते कारण माझ्या सासऱ्यांच्या खात्यात अगदी हेच झालं होतं आणि शोधायला मला दोन महिने लागले. एसीएच रिटर्न म्हणजे कोणीतरी तुमच्या आईच्या खात्यातून हप्ता ओढायचा प्रयत्न केला, शिल्लक नव्हती म्हणून तो परत गेला, आणि त्या परत जाण्याचा दंड बँकेने लावला. २५० अधिक जीएसटी. म्हणजे खात्यावर कुठलं तरी मँडेट, म्हणजे आपोआप पैसे ओढायची सही करून दिलेली परवानगी, जिवंत आहे. आईंना आठवून बघायला सांगा, मिक्सर, फ्रिज, मोबाईल काही हप्त्यावर घेतलं होतं का? दुकानात हप्त्याचा कागद भरताना त्याच्याबरोबर एक कार्ड देतात, वस्तूचे हप्ते संपतात पण कार्डाची वर्षाची फी चालूच राहते आणि ती शंभर सव्वाशे रुपयांची असली तरी ओढताना खात्यात नव्वदच रुपये असले की वर २९५ चा फटका. आणि खात्यात तेव्हा पैसे नसतील तर तो दंड राखून ठेवतात आणि पेन्शन जमा झाली की पहिला तोच कापून घेतात, म्हणून तुम्हाला तारखा जुळणार नाहीत.

बँकेत ‘खात्यावर चालू असलेल्या सगळ्या एनएसीएच मँडेटची यादी द्या’ असं लेखी मागा, प्रत्येकाला यूएमआरएन नावाचा मोठा नंबर असतो. जे नकोय ते रद्द करायचा फॉर्म तिथेच मिळतो. पण आधी त्या फायनान्सवाल्यांकडून कर्ज फिटल्याचं एनओसी घ्या आणि कार्ड बंद करायला लावा, नाहीतर तिकडे त्यांच्या पुस्तकात बाकी दिसत राहते आणि सिबिल, म्हणजे कर्जफेडीची पत, खराब होतं. क्रेडिट रिपोर्ट वर्षातून एकदा असे रिपोर्ट ठेवणाऱ्या प्रत्येक कंपनीकडून फुकट मिळतो, आईच्या नावाचा काढून बघा, काही नको असलेलं कर्ज दिसतंय का तेही कळेल.

१,००० रुपयांच्या विम्याचं बघायचं तर तो बहुतेक केवायसीच्या कागदांबरोबर सही घेऊन लावलाय. सर्टिफिकेट मागा, संमतीची सही दाखवा म्हणा.

---

विटा_रिचार्ज

माझं मोबाईलचं दुकान आहे, बँकेचं मला एवढं कळत नाही, पण ताई आईंचा फोन कोणता आहे आणि रिचार्ज कोण मारतं ते पण बघा कारण आमच्याकडे रोज अशी म्हातारी माणसं येतात ज्यांचा साधा बटणाचा फोन आहे आणि त्यांची मुलं पुण्या-मुंबईवरून रोजचा दीड जीबीचा पॅक मारतात. बटणाच्या फोनमध्ये तो डेटा जाणार कुठे? मोबाईल कंपन्यांवर लक्ष ठेवणाऱ्या ट्रायने डिसेंबर २०२४ मध्ये नियम केला की नुसतं बोलणं आणि एसएमएस असलेला पॅक कंपन्यांनी द्यायलाच पाहिजे, आणि २०२५ च्या जानेवारीपासून ते पॅक आलेत, तीन महिन्यांचे पण आहेत आणि वर्षाचे पण. अ‍ॅपवर ते सगळ्यात खाली असतात किंवा वेगळ्या टॅबमध्ये, वरती दिसत नाहीत, म्हणून लोकांना वाटतं असं काही नाहीच.

दुसरं, २८ दिवसांचा पॅक मारत असाल तर वर्षात तेरा वेळा मारावा लागतो, बारा नाही. तेरावा रिचार्ज कोणाच्या लक्षात येत नाही. ट्रायच्या २०२२ च्या आदेशानंतर प्रत्येक कंपनीला ३० दिवसांचा एक आणि दर महिन्याला त्याच तारखेला येणारा एक पॅक ठेवावा लागतो, तो मागा. आणि पेमेंटच्या अ‍ॅपवरून रिचार्ज केला की एक-दोन-तीन रुपये जास्तीचे लागतात, कंपनीच्या स्वतःच्या अ‍ॅपवर ते लागत नाहीत. कॉलर ट्यून किंवा असलं काही चिकटलं असेल तर १५५२२३ ला फोन करून बंद होतं, पैसे पडत नाहीत.

मी दुकानदार आहे म्हणून सांगतो, मोठा पॅक मारला तर मला कमिशन जास्त, तरी मी बटणाचा फोन बघितला की आधी विचारतो नेट पाहिजे का म्हणून. सगळ्यांनी विचारलं पाहिजे.

---

निनावी८४

एसएमएसचे १७.७० बंद करून टाका ना सरळ, पासबुक आहे की.

---

जुना_कॅशियर

नाही हो, कृपया हे करू नका. बाकी सगळं वाचवा पण एसएमएस चालू ठेवा. खात्यातून कोणी फसवून पैसे काढले तर २०१७ च्या रिझर्व्ह बँकेच्या नियमात तीन कामकाजाच्या दिवसांत कळवण्याला फार महत्त्व आहे, चूक ग्राहकाचीही नाही आणि बँकेचीही नाही अशा प्रकारात तेवढ्या वेळात कळवलं तर ग्राहकावर एक पैशाची जबाबदारी येत नाही. पासबुकवर एंट्री मारायला माणूस तीन महिन्यांनी जातो, तोवर काय उपयोग? माझ्या काउंटरवर एक शिक्षिका बाई आल्या होत्या, नंबर बदलला होता पण बँकेत कळवला नव्हता, एसएमएस जुन्या नंबरवर जात राहिले. ते प्रकरण मला अजून आठवतं.

त्याऐवजी असं करा. रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्येच बँकांना सांगितलंय की एसएमएसचे पैसे प्रत्यक्ष वापरावर घ्या. तिमाहीत आईंना किती मेसेज आले ते मोजा. आठ-दहा मेसेजना १७.७० लावत असतील तर अर्जात तोही मुद्दा घाला. आणि फसवणूक झालीच तर वेळ न घालवता १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन, मग बँक.

---

कराडची_लेक

सगळ्यांचे खूप आभार, उशिरा लिहितेय कारण दसऱ्याला जाऊन सगळं करून आले आणि मग लिहायचं ठरवलं होतं.

मँडेटचं ताई तुम्ही म्हणालात तस्संच निघालं. तीन वर्षांपूर्वी बाबांनी मिक्सर हप्त्यावर घेतला होता, हप्ते कधीच संपलेत, कार्ड मात्र आईच्या नावावर चालू. वर्षाची फी ११७ रुपये आणि ती तीन वेळा ओढायचा प्रयत्न झाला. ११७ साठी ८८५ गेले. दुकानातून फायनान्सचा नंबर घेऊन एनओसी मागितलंय, चार दिवसांत मेलवर आलं, मँडेट रद्दचा फॉर्म भरला आणि पोच घेतली.

काका, मिनिमम बॅलन्सला तुमचा मुद्दा लागू पडला. दोन तिमाहींना शिल्लक अगदी थोडी कमी होती आणि दोन तिमाहींना जास्त, दंड मात्र सारखाच. मॅनेजर मॅडमना नियमाचं वर्ष सांगितलं तेव्हा त्या आत गेल्या, फोन केला, आणि दोन तिमाहींचे २३६ आणि एका रिटर्नचे २९५ परत जमा केले. ५३१ रुपये. आईने लगेच तिथेच पासबुकवर एंट्री मारून घेतली. खातं बीएसबीडी करायचा अर्ज आधी घेत नव्हते, तो जनधनचा फॉर्म आहे म्हणाले, मी म्हटलं नकार लेखी द्या, मग घेतला. एसएमएस चालूच ठेवलाय.

विम्याचे १,००० मात्र अडकलेत. सही आईचीच आहे पण केवायसीच्या दिवसाची, तारीख तीच, आणि तिला कोणी सांगितलंच नाही की हा विमा आहे. पुढच्या वर्षी कापणार नाही एवढं लिहून दिलंय, मागचे देणार नाही म्हणतात.

रिचार्जवाले दादा, आईचा फोन बटणाचाच आहे आणि रोजचा डेटावाला पॅक मीच मारत होते, पुण्यातून, तीन वर्षं. आता बोलण्याचा पॅक मारलाय.

विम्यासाठी पुढे काय करू ते सांगा.

---

ठाणे_अकाउंट्स

बँकेला लेखी तक्रार दे, तक्रार नंबर घे आणि तारीख लिहून ठेव. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे, सीएमएस पोर्टलवर ऑनलाईन टाकता येते, फी काही नाही, वकील लागत नाही. अडलं तर १४४४८ ला फोन कर, ते मार्गदर्शन करतात. बँकेकडे आधी न जाता थेट तिकडे गेलीस तर परत पाठवतात म्हणून हे तीस दिवस पाळायचे. तक्रारीत एवढंच लिही की आई ६७ वर्षांची आहे, केवायसीसाठी बोलावलं होतं, विम्याचं सर्टिफिकेट वर्षभर हातात मिळालं नाही. केवायसीच्या फॉर्मची आणि विम्याच्या फॉर्मची दोन्हींची झेरॉक्स माग, तारीख आणि वेळ एकच असेल तर ते फार बोलकं असतं.

---

जुना_कॅशियर

आणि खातं हलवायचं विचारलं होतंत ते राहिलं. आता गरज नाही, पण पुढे कधी वाटलंच तर २०२५ च्या सुरुवातीपासून ईपीएफओची पेन्शन कुठल्याही बँकेच्या कुठल्याही शाखेत घेता येते, पूर्वीसारखी ठरावीक बँकच पाहिजे असं नाही. स्टेट बँकेने सेव्हिंग खात्याची मिनिमम बॅलन्सची अट मार्च २०२० मध्येच काढलीय. फक्त हयातीच्या दाखल्याची तारीख सांभाळा, तो एक वर्ष चालतो, फोनवर चेहरा दाखवूनही निघतो.

---

कराडची_लेक

तक्रार काल दिली, नंबर मिळालाय, भिंतीवरच्या कॅलेंडरवर आईने तिसावा दिवस स्वतःच्या हाताने गोल करून ठेवलाय. हयातीचा दाखला पुढच्या महिन्यात आहे, तो तेव्हाच काढते. तीस दिवसांनी काय झालं ते इथे येऊन लिहिते.