पी.पी. नंबर, ट्रंक कॉल आणि पोस्टमनची वाट: तुमच्याही आठवणी सांगा

सदाशिवपेठी आत्या
परवा कपाट आवरताना फोन नंबरांची जुनी वही सापडली. अर्ध्याअधिक नावांपुढे कंसात पी.पी. लिहिलेलं. भाची विचारते मावशी हे काय, म्हटलं अगं हा फोन त्यांचा नाही, त्यांच्या शेजाऱ्यांचा. तिला पटेचना, शेजारी कशाला उठून बोलवायला जातील म्हणे!
आमचा वाडा, आणि फोन फक्त खाली डॉक्टरांकडे. त्यांचा कंपाउंडर चौकात उभा राहून हाक मारायचा आणि आई पोळी तव्यावर टाकून धावायची, पोळीचं काय व्हायचं ते विचारू नका. आमच्या स्वतःच्या फोनसाठी अर्ज केला तेव्हा मी शाळेत होते आणि फोन आला तेव्हा माझ्या लग्नाची बोलणी चालू होती. मग त्याच्यावर क्रोशाचं कव्हर, आणि आल्यागेल्याला मुद्दाम फोनशेजारच्या खुर्चीत बसवायचं.
तुमच्याकडच्या लिहा, फोनच्या, पत्रांच्या, तारेच्या, कशाच्याही.

मिरजेचा मन्या
कव्हर ठीक आहे पण कुलूप कसं विसरलात 😄 डायलच्या भोकात ते एवढुसं कुलूप आणि किल्ली वडिलांच्या जानव्याला. आम्ही भाऊ रिसीव्हर ठेवायची खुंटी टिचक्या मारून नंबर लावायचो, पाचाला पाच टिचक्या, शून्याला दहा, मध्ये जरा थांबायचं. मॅचचा स्कोअर विचारायला मित्राला लावायचो. बिल आलं की वडील फोन ऑफिसात जाऊन भांडायचे, आमच्याकडे कुलूप असताना इतके कॉल झालेच कसे म्हणून.

हेडसेटवाली
मन्या, तुझ्या वडिलांसारखे खूप भेटले हो 😂
मी ट्रंक एक्स्चेंजला होते, म्हणजे परगावचे कॉल हाताने जोडून द्यायचे तिथे, रिटायर होऊन बरीच वर्षं झाली. समोर बोर्ड, कॉर्डी, कानाला हेडसेट. कॉल बुक झाला की तिकीट लिहायचं, कुणाचा कुठून कुठे, ऑर्डिनरी की अर्जंट की लाइटनिंग. लाइटनिंगला दर कित्येक पट त्यामुळे तो बुक करणाऱ्याचा आवाज ऐकूनच कळायचं की घरात काहीतरी झालंय. तीन मिनिटं झाली की मध्ये बोलावं लागायचं, थ्री मिनिट्स ओव्हर, वाढवायचा का. लोकांची निम्मी तीन मिनिटं हॅलो हॅलो ऐकू येतंय का यातच जायची, फार वाईट वाटायचं पण नियम म्हणजे नियम.
आणि पी.पी. म्हणजे पर्टिक्युलर पर्सन, ज्याला बोलवलंय तो माणूस आला तरच कॉलचे पैसे. याची गंमत म्हणजे लोकांची नावं ठरलेली असायची. गावाला सुखरूप पोचलं की घरी पी.पी. कॉल करायचा आणि बंडोपंतांना बोलवा म्हणायचं, घरचे म्हणणार बंडोपंत नाहीत इथे. झालं! निरोप पोचला, कॉलचे पैसे वाचले. आम्हाला सगळं कळायचं. एकदा एका आजींना मीच सांगितलं, बंडोपंत पोचले हो, झोपा आता.

चैत्रपालवी
आजी आणि बंडोपंत 😂😂 आई गं
आमच्याकडे एसटीडी बूथ आल्यावर रात्री अकरानंतर रांग, पाव दर म्हणून. जेवून स्वेटर घालून सगळं घर निघायचं. मीटरचे लाल आकडे पळताना बघत बोलायचं म्हणजे काय बोलायचंय तेच विसरायला व्हायचं. बाकी नंतर लिहिते कुकर लावलाय

लालबाग ते संगमेश्वर
आमच्याकडे फोनबिन काही नाही. गावात सकाळच्या एसटीने टपालाची थैली यायची आणि पोस्टमन दुपारपर्यंत आमच्या वाडीत. वडील लालबागला गिरणीत, एका खोलीत पंधरावीस जण, रात्रपाळीवाले आले की दिवसपाळीवाले उठायचे तीच वळकटी. महिन्याच्या महिन्याला मनीऑर्डर यायची. फॉर्मच्या खालच्या तुकड्यावर दोन ओळी लिहायला जागा असायची, त्यात बाबा सगळं बसवायचे, म्हशीला औषध दिलं का, शाळेची फी भरली का, आईस नमस्कार. आई निळ्या शाईचा अंगठा उठवायची आणि मग तो अंगठा चुलीजवळच्या भिंतीला पुसायची, त्या भिंतीवर निळे ठिपकेच ठिपके. ते तुकडे ती तांदळाच्या डब्याखाली ठेवायची, पैसे संपले तरी तुकडे जपून.
१८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. सुरवातीला उसनंपासनं करून थोडे थोडे आले, मग बंदच. पोस्टमन आधी पार अंगणात येऊन बसायचा, पाणी प्यायचा. नंतर नंतर पाणंदीतूनच ओरडायचा, आज काय नाय हां वयनी. आणि मग तेही ओरडेना, मान खाली घालून पुढे जायचा. त्या वर्षी गणपतीला बाबा आले ते परत मुंबईला गेलेच नाहीत.
मोबाईलवर टाइप करतोय, चुका असतील.

सदाशिवपेठी आत्या
काय लिहावं कळत नाहीये. तुमच्या आई आहेत का?

लालबाग ते संगमेश्वर
आहे ना, ठणठणीत. आता व्हिडिओ कॉल करते आणि फक्त कपाळ दाखवते.

जुना गोंदिया
सगळ्यांच्याच आया कपाळ दाखवतात 😀
तारेचं कुणी लिहिलंच नाही. २०१३ च्या जुलैत बंद झाली तार. ती म्हणजे वाईटच बातमी असा समज, आमच्या आजीने तर तारवाला फाटकात दिसल्याबरोबर गळा काढला आणि निघालं काय तर मामा पास! लग्नाच्या शुभेच्छांना मात्र नंबर असायचे, ८ नंबर म्हटलं की तिकडे दीर्घ आणि सुखी वैवाहिक आयुष्याचं इंग्रजी वाक्य आख्खं छापून. पैसे एका आकड्याचे. माझ्या लग्नात आठ नंबरच्या इतक्या तारा आल्या की आमची ही अजून भांडण झालं की म्हणते, आठ नंबर फुकट गेला.

माणदेशी
आमच्या वस्तीवर शाळेत जाणारा मी एकटा त्यामुळं सगळ्यांची पत्रं मीच लिहायचो आन वाचायचो. ७२ चा दुष्काळ, बाया दुष्काळी कामावर खडी फोडून आल्या की तशाच धुळीनं भरलेल्या पोस्टकार्ड घेऊन यायच्या. सांगायच्या एक आन लिहायचं दुसरं. एक काकू सांगायची लिही सगळं बरं हाय, सुकडी मिळतीया, मिलोची भाकर गोड लागतीया. आन मग पुसायची, बैल इकल्याचं लिहिलं न्हाईस न्हवं? लिहू नगंस, त्यो तिकडं जेवायचा न्हाई. ती लाल मिलो ज्वारी गोड कुठली, घशाखाली उतरत नव्हती.
कोपरा फाडलेलं, म्हंजी कुणी गेल्याचं, कार्ड आलं तर पोस्टमन माझ्या हातात न देता मास्तरांकडं द्यायचा. ते घरात ठेवत नसत, वाचून लगेच फाडायचं.

ठाण्याची शकू
मिलोवरून आठवलं, स्टोव्हची पिन कुणाला आठवते का? ऐन पाहुणे आले की बर्नर चोंदणार, पिन मारायला जावं तर ती आत तुटणार. त्यात रॉकेल संपलेलं. आणि आरे सेंटरवर दुधाच्या बाटल्या बदलून आणायची पाळी नेमकी थंडीत माझी, भाऊ लाडका ना!! विषय सोडून लिहितेय माहितीये.

चैत्रपालवी
आले परत. शकूताई, पिनची पाकिटं अजून आहेत सासूबाईंकडे, स्टोव्ह नाही पण पिना आहेत.
मी पुण्यात हॉस्टेलला होते तेव्हा घरून डबा एसटीने यायचा. वडील पहाटेच्या गाडीला कंडक्टरकडे द्यायचे, मी स्वारगेटला जाऊन घ्यायची. डब्याला फडकं, फडक्याच्या गाठीत चिठ्ठी, चिठ्ठीला तेल लागून अक्षरं पलीकडून वाचता यायची. गाडी चुकली की डबा पुढच्या फेरीत परत गावाला जायचा, आणि आई रिकामा आला म्हणून उघडायची तर भाजी तशीच.

मिरजेचा मन्या
स्वारगेटला कुठली गाडी? मी पण डबेवाला, सांगली गाडीचा. बरेच जण थांबलेले असायचो आणि भूक लागली की कुणाचाही उघडायचो.

चैत्रपालवी
सातारा. म्हणजे ते गायब होणारे बेसनाचे लाडू 😡

मिरजेचा मन्या
लाडूंना वेलची जास्त असायची का?

हेडसेटवाली
चैत्रपालवी, सोडू नका त्याला, टिचक्यावालाच आहे तो.