जुनी मारुती ८०० घाटात तापते: हेड उतरवण्याआधी घरी काय तपासावे आणि सुटे भाग कोणते घ्यावेत?

प्रश्न: अजिंक्यतारा, सातारा

सर्वांना नमस्कार. आमच्या घरी १९९९ सालची मारुती ८०० आहे, कार्ब्युरेटरची आणि एसी असलेली. वडिलांनी ती नवी घेतली तेव्हा मी सहावीत होतो. डॅशबोर्डच्या कप्प्यात त्यांची एक वही अजून आहे, जिच्यात प्रत्येक ऑइल बदलाची तारीख आणि तेव्हाचे किलोमीटर त्यांनी स्वतःच्या हाताने लिहून ठेवले आहेत. गाडी विकण्याचा विचार नाही. ती नीट चालावी एवढीच इच्छा आहे.

अडचण अशी की, पुण्याहून साताऱ्याकडे येताना खंबाटकी घाट निम्मा चढून होईपर्यंत तापमानाचा काटा लाल रेघेजवळ जातो. घाटमाथ्यावर थांबून बॉनेट उघडले की दहा-पंधरा मिनिटांत तो खाली येतो. सपाट रस्त्यावर आणि गावातल्या रहदारीत मात्र काटा मध्यावर असतो. महिन्याभरात, इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याच्या बाटलीतले पाणी थोडे कमी होते, पण गाडीखाली कधी ओल दिसलेली नाही. एका गॅरेजमध्ये वॉटर पंप बदलून घेतला, दुसऱ्याने पंख्याची मोटर बदलली. पैसे गेले आणि घाटातला त्रास तसाच राहिला. आता तिसरे कारागीर म्हणतात की हेड गॅस्केट (इंजिनाचा वरचा भाग म्हणजे हेड, त्याच्या आणि खालच्या भागाच्या मधले सील) गेले असावे, हेड उतरवू.

माझ्याकडे ८ ते १९ नंबरचे पाने, जॅक, दोन स्टँड आणि एक मल्टिमीटर आहे. ऑइल, एअर फिल्टर आणि प्लग मी स्वतः बदलतो. हेड उतरवण्याआधी मला घरी काय काय तपासता येईल? आणि दुकानदार एकाच भागाचे तीन-तीन प्रकार पुढे ठेवतो, त्यांतून निवड कशी करावी?

उत्तर १: आगारातला कारागीर, सांगली

मी एस.टी.च्या कार्यशाळेत नोकरी करून निवृत्त झालो आहे. बसचे इंजिन मोठे आणि आपल्या गाडीचे ७९६ सीसीचे, तीन सिलिंडरचे असले तरी तापण्याची कारणे दोन्हीकडे सारखीच असतात. आपण दिलेल्या माहितीत निम्मे उत्तर आहे, म्हणून आधी तिच्याकडे पाहू.

गाडी कधी तापते हे फार महत्त्वाचे असते. सिग्नलला उभी असताना तापते आणि चालू लागली की निवते, तर दोष पंख्यात, तो तापमानानुसार सुरू करणाऱ्या थर्मो-स्विचमध्ये किंवा रिलेत असतो. सकाळी सुरू केल्यावर पाच-सात मिनिटांतच काटा वर गेला आणि रेडिएटर (इंजिनातले गरम पाणी निववणारी जाळी) मात्र हाताला गार लागला, तर थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापल्यावर रेडिएटरकडे पाणी सोडणारी झडप, बंद अवस्थेत अडकलेला असतो. आपली गाडी रहदारीत तापत नाही, म्हणजे पंखा त्याचे काम करतो आहे. मोटर बदलण्याची गरज बहुधा नव्हतीच. घाटात गाडी दुसऱ्या गिअरमध्ये, ॲक्सिलरेटर पुरता दाबलेला, वेग कमी आणि समोरून येणारा वाराही कमी, अशी स्थिती असते. त्या वेळी इंजिन सर्वांत जास्त उष्णता निर्माण करते आणि रेडिएटरची पूर्ण क्षमता लागते. ती क्षमता उरली नसेल तर सपाटीवर कळत नाही, घाटात कळते. म्हणून माझा पहिला संशय रेडिएटरवर आहे.

गॅस्केटची शंका आधी दूर करून घ्या, कारण ती घरीच पाहता येते. इंजिन पूर्ण थंड असताना ऑइल भरण्याचे झाकण उघडा. आत दुधाळ, कॉफीच्या फेसासारखा थर असेल तर पाणी ऑइलमध्ये जात आहे. मात्र पावसाळ्यात केवळ जवळच्या फेऱ्या मारणाऱ्या गाडीत बाष्पामुळेही थोडा फेस दिसतो, म्हणून डिपस्टिकवरचे ऑइलही पाहा. नंतर थंड इंजिनावरच रेडिएटरचे झाकण काढून गाडी सुरू करा आणि तोंडाशी पाहत राहा. सुरुवातीचे चार बुडबुडे अडकलेल्या हवेचे असतात. पण ॲक्सिलरेटर दिल्यावर बुडबुडे एकसारखे येतच राहिले, तर ज्वलनाचा वायू पाण्यात शिरतो आहे असे समजावे. यांपैकी काहीच नसेल आणि सायलेन्सरमधून पांढरा धूर येत नसेल, तर हेडला हात लावू देऊ नका. हे हेड ॲल्युमिनियमचे आहे. ते उतरवले की त्याचा पृष्ठभाग सरळपट्टी आणि फीलर गेजने तपासून घ्यावा लागतो, नवे गॅस्केट लागते आणि बोल्ट ठरलेल्या क्रमाने टॉर्क पान्यानेच आवळावे लागतात. विनाकारण ते करून घेणे म्हणजे चांगल्या इंजिनात नवा दोष निर्माण करण्याची जोखीम पत्करणे होय.

त्यानंतर रेडिएटरचे झाकण पाहा. या झाकणाकडे कोणी लक्ष देत नाही, याचे मला नोकरीत असतानाही वाईट वाटत असे. झाकणावर ०.९ असा आकडा असतो. तेवढा दाब आत टिकला तर साधे पाणीसुद्धा सुमारे ११८ अंशांपर्यंत उकळत नाही. रबराची चकती कडक झाली किंवा स्प्रिंग सैल पडली की दाब टिकत नाही आणि घाटात पाणी लवकर उकळी धरते. झाकणाच्या मध्यभागी आणखी एक छोटी झडप असते, ती इंजिन थंड होताना बाटलीतले पाणी परत आत ओढू देते. सकाळी वरची होज (पाण्याची रबरी नळी) चपटी, आत ओढल्यासारखी दिसली, तर ती झडप अडकली आहे असे ओळखावे.

शेवटी थर्मोस्टॅट. वरची होज इंजिनाला जेथे मिळते त्या टोपीचे दोन बोल्ट काढले की तो हाती येतो. तो दोऱ्याला बांधून पातेल्यातल्या पाण्यात बुडवा, तळाला टेकू देऊ नका, शेजारी तापमापक धरा आणि पाणी तापवा. साधारण ८२ अंशांच्या आसपास त्याची झडप हळूहळू उघडू लागली पाहिजे आणि उकळी येईपर्यंत ती पुरती उघडलेली दिसली पाहिजे. परत बसवताना त्यावरचे हवा निघण्याचे बारीक छिद्र वरच्या बाजूला ठेवा आणि टोपीखालचे गॅस्केट नवे घाला.

इंजिन गरम असताना झाकण उघडू नये, ही गोष्ट आपणास ठाऊक असेलच. तरीही लिहितो, कारण त्या वाफेने भाजलेला सहकाऱ्याचा हात मी पाहिला आहे.

उत्तर २: पेठेतला, पुणे

वरील उत्तर पूर्ण आहे. मी रेडिएटरच्या बाहेरच्या बाजूबद्दल थोडी भर घालतो आणि मग सुट्या भागांकडे येतो.

आपली गाडी एसीची आहे, म्हणजे रेडिएटरच्या पुढे कंडेन्सर, म्हणजे एसीची स्वतःची जाळी, आहे. समोरून पाहिले तर कंडेन्सर स्वच्छ दिसतो, पण खरी घाण त्या दोहोंच्या मधल्या फटीत साठते. माझ्या गाडीत तेथून उसाच्या पाचटाचे तुकडे, किडे आणि मातीचा नमद्यासारखा घट्ट थर निघाला होता, ज्यातून वारा जाणे शक्यच नव्हते. रेडिएटरचे वरचे बोल्ट सैल करून तो थोडा मागे ओढा आणि इंजिनाच्या बाजूने पुढच्या दिशेने साध्या नळीने पाणी सोडा. सर्व्हिस स्टेशनचा जोराचा फवारा वापरू नका. पातळ पत्रे आडवे पडतात आणि वाट आणखी बंद होते.

आता सुटे भाग. मारुती ८०० चे उत्पादन जानेवारी २०१४ मध्ये थांबले, पण त्याच घराण्याचे ७९६ सीसी इंजिन ओम्नीमध्ये २०१९ पर्यंत येत होते. त्यामुळे इंजिनाच्या आतले बरेच भाग आजही मिळतात. ओम्नीत इंजिन वेगळ्या दिशेने बसवलेले असल्याने होज, ब्रॅकेट यांसारखे बाहेरचे भाग मात्र जुळत नाहीत. म्हणून दुकानात ‘८०० चा द्या’ एवढेच न सांगता कार्ब्युरेटरचा की एमपीएफआय (पेट्रोल इंजेक्शनचा), एसी की बिगर-एसी आणि कोणत्या सालचा हे सांगावे. शक्य असेल तर जुना भाग सोबत न्यावा आणि त्यावर कोरलेला क्रमांक दाखवावा.

दुकानदाराने ठेवलेले तीन प्रकार असे असतात: कंपनीच्या नावाने पेटीबंद येणारा, तो भाग कंपनीला पुरवणाऱ्याच उत्पादकाने स्वतःच्या नावाने विकलेला, आणि ‘लोकल’. माझा नियम असा आहे की, जो भाग बिघडला तर इंजिन किंवा माणूस धोक्यात येतो तो पहिल्या दोन प्रकारांतलाच घ्यावा. यात थर्मोस्टॅट, रेडिएटरचे झाकण, टायमिंग बेल्ट, ब्रेकचे व्हील सिलिंडर आणि ब्रेक होज येतात. दाराची मूठ, आरशाचे कव्हर, मडफ्लॅप हे लोकल घेतल्याने काही बिघडत नाही. दुसऱ्या प्रकाराला कमी लेखू नये. वस्तू तीच असते, पेटी वेगळी असते. पेटीबंद भागाच्या मात्र नकलाही येतात. छपाईतील अक्षरे, होलोग्राम, छापील किंमत आणि बिल या चारही गोष्टी पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत. बिल द्यायला नकार देणाऱ्या दुकानातून मी ब्रेकचा भाग कधीच घेत नाही.

पुण्यात नाना पेठेत आणि मुंबईत ऑपेरा हाउसजवळ जुन्या गाड्यांचे भाग चांगले मिळतात. कुर्ल्याच्या सीएसटी रस्त्यावर वापरलेले भाग मिळतात. तेथून दार, बंपर, काचेची यंत्रणा किंवा सीट घ्यावी, पण वापरलेला रेडिएटर घेऊ नये, कारण त्याच्या आत किती क्षार साचले आहेत हे बाहेरून दिसत नाही.

उत्तर ३: भाट्ये किनारा, रत्नागिरी

माझ्या अनुभवात पंचवीस वर्षांच्या गाडीत लोखंडाआधी रबर दगा देते. होज बाहेरून काळी आणि चांगली दिसते, पण क्लॅम्पजवळ बोटांनी दाबून पाहिली तर कुरकुर जाणवते किंवा अगदी मऊ लागते, दोन्ही वाईट. वरची, खालची आणि हीटरच्या दोन अशा सगळ्या होज एकदम बदलाव्यात, नाहीतर नवा रेडिएटर आणि पूर्ण दाबाचे नवे झाकण बसवल्यावर जुनी होज दुसऱ्याच आठवड्यात फुटते. माझ्याबाबतीत हातखंब्याच्या अलीकडे हेच झाले आणि आई-वडिलांना घेऊन रात्री रस्त्याच्या कडेला थांबावे लागले.

दुसरी सूचना कूलंटची, म्हणजे रेडिएटरच्या पाण्यात मिसळायच्या द्रवाची. निम्मे कूलंट आणि निम्मे बॅटरीचे, म्हणजे डिस्टिल्ड पाणी मिसळावे. तयार मिश्रण घेतले असेल तर त्यात पाणी घालू नये. काढलेले जुने कूलंट अंगणात किंवा गटारात ओतू नये. ते चवीला गोड आणि अत्यंत विषारी असते, कुत्री-मांजरे ते चाटतात आणि दगावतात. झाकणाच्या कॅनमध्ये भरून ते गॅरेजच्या जुन्या ऑइलबरोबर द्यावे.

अजिंक्यतारा, सातारा (तीन आठवड्यांनंतर)

आपण तिघांनी इतके सविस्तर लिहिलेत, याबद्दल मनापासून आभार. सांगितलेल्या क्रमानेच सर्व पाहिले.

ऑइलच्या झाकणाखाली काही नव्हते, बुडबुडे दोन मिनिटांत थांबले. थर्मोस्टॅटची टोपी उघडली तेव्हा आत थर्मोस्टॅटच नव्हता! आधीच्या कोणत्या तरी दुरुस्तीत तो काढून टाकला होता आणि मला ते सांगितलेही नव्हते. हिवाळ्यात सकाळी गाडी बराच वेळ चोक मागत असे आणि पेट्रोल जास्त जात असे, त्याचे कारण त्या दिवशी समजले. वडिलांच्या वहीत शेवटची कूलंटची नोंद २०११ ची आहे. त्यानंतर बोअरचे पाणीच भरले जात होते. तळाचा प्लग उघडल्यावर चहाच्या रंगाचे पाणी आले आणि त्यामागून पांढऱ्या क्षारांचे नखाएवढे पापुद्रे. गाडी गरम करून बंद केली आणि पंख्याची वायर काढून रेडिएटरवरून हात फिरवला, तर वरचा भाग चटका देणारा आणि खालचा उजवा कोपरा कोमट होता.

रेडिएटर मूळचा पितळी निघाला. येथील एका जुन्या रेडिएटर कारागिराने वरची टाकी उघडून नळ्यांतून सळ्या घातल्या आणि डाग देऊन ती पुन्हा बंद केली. मी झाकण, थर्मोस्टॅट, चारही होज आणि क्लॅम्प नवे घातले. कंडेन्सरमागून निघालेला कचरा एका घमेल्यात मावला नाही. मागच्या रविवारी चार माणसे घेऊन खंबाटकी चढलो. काटा मध्याच्या किंचित वर गेला आणि तेथेच राहिला. वहीत वडिलांच्या नोंदीखाली माझ्या हाताने पहिली नोंद केली.

एक शंका उरली आहे. वॉटर पंप नवा असला तरी त्याचा बेल्ट जुनाच ठेवला होता. सकाळी सुरू करताना तो क्षणभर किंचाळतो. नुसता ताणावा की बदलावा?

आगारातला कारागीर, सांगली

बदला. त्याच बेल्टवर पंप आणि अल्टरनेटर दोन्ही चालतात. आतल्या बाजूला आडव्या चिरा दिसत असतील किंवा कडा आरशासारख्या चकाकत असतील, तर ताणल्याने चार दिवस आवाज थांबेल, घसरणे थांबणार नाही. नवा बसवल्यावर दोन पुलींच्या मध्ये अंगठ्याने जोर देऊन दाबला असता तो एक सेंटिमीटरच्या आत दबला पाहिजे. फार ताणला तर नव्या पंपाची बेअरिंग लवकर जाईल. साधारण २०० किलोमीटर गाडी चालली की ताण पुन्हा एकदा पाहा, कारण नवा बेल्ट सुरुवातीला थोडा सैल पडतो. थर्मोस्टॅटविषयी आपण लिहिलेत ते वाचून वाईट वाटले, पण शोध आपण स्वतः लावलात याचा फार आनंद झाला. जुना बेल्ट फेकू नका, स्टेपनीशेजारी ठेवा.