४५ टनी रीच स्टॅकर तिसऱ्या रांगेतील २४ टनांचा कंटेनर का उचलत नाही?

उरण_यार्ड :
उरणजवळच्या आमच्या यार्डात भरलेले कंटेनर भिंतीला लागून तीन रांगांत रचले जातात. रीच स्टॅकरवर, म्हणजे बूम या पुढे सरकणाऱ्या लांब हाताने कंटेनर उचलणाऱ्या चाकांच्या यंत्रावर, ४५ टन क्षमता लिहिलेली आहे. तरीही पुढच्या दोन रांगा एका थरापर्यंत उतरवून तिसऱ्या रांगेतील २४ टनांचा वीस फुटी कंटेनर धरला, की भोंगा वाजतो आणि बूम अडते. तोवर ट्रेलर रस्त्यापर्यंत खोळंबतात. यंत्रात दोष आहे, की आमच्या मांडणीत? मालक आरटीजी (रबरी चाकांवर धावणारी, रांगांवर कमानीसारखी उभी राहणारी क्रेन) घेण्याचाही विचार करत आहेत.

जुना_चालक :
यंत्र निर्दोष आहे. ४५ टन हा आकडा केवळ पहिल्या रांगेचा असतो. या वर्गातील यंत्रे दुसऱ्या रांगेत साधारण ३१ आणि तिसऱ्या रांगेत १५-१६ टनच उचलतात. भार पुढच्या चाकांपासून जितका लांब, तितका तो सुमारे ७० टनांच्या यंत्रालाही पुढे कलंडवू पाहतो, आणि नेमके तेच टाळण्यासाठी बूम अडते. कृपया ही यंत्रणा कोणालाही बंद करू देऊ नका. एका यार्डात ती बंद केल्यावर मागची चाके जमिनीवरून उचललेली मी पाहिली आहेत. चालक वाचला, पण त्यानंतर कित्येक दिवस बूम पुढे काढताना माझा हात थरथरत असे.

तिसऱ्या रांगेत रिकामे किंवा हलकेच कंटेनर ठेवा. निर्यातीच्या भरलेल्या कंटेनरचे पडताळलेले वजन जहाजावर चढवण्यापूर्वी कळवणे १ जुलै २०१६ पासून बंधनकारक आहे. ते वजन गेटवरच विचारून घेतले, तर जागा आधीच ठरवता येते.

स्थापत्य_अभियंता :
मांडणीबरोबर जमीनही पाहावी. भार उचललेल्या रीच स्टॅकरच्या पुढच्या आसावर सुमारे १०० टन येतात, आणि आपल्याकडे बहुतेक यार्डे खाडीच्या चिखलावर भराव टाकून उभी आहेत. शिवाय कंटेनर संपूर्ण तळावर नव्हे, तर चार कोपऱ्यांवर टेकतो. ३० टनांचे चार कंटेनर एकावर एक ठेवले, की १७८ × १६२ मिलिमीटरच्या प्रत्येक कोपऱ्याखाली ३० टन येतात. चार थप्प्यांचे कोपरे जिथे जवळ येतात, तिथे १२० टन. पेव्हर ब्लॉक आधी तिथेच खचतात.

आरटीजी ठरावीक पट्ट्यांवरूनच धावते, त्यामुळे तेवढेच पट्टे भक्कम केले तरी चालते, आणि साधारण सहा रांगांतील कोणताही कंटेनर तिला वरून उचलता येतो. परंतु दिवसभर अखंड काम नसेल, तर तो खर्च मला पटत नाही.

उरण_यार्ड :
भिंतीच्या बाजूने १५ मीटरची वाट सोडली, तर चार रांगांचा पट्टा दोन्ही बाजूंनी उचलता येईल का?

जुना_चालक :
होय. मग कोणत्याही बाजूने दोनच रांगा राहतील. जड कंटेनर बाहेरच्या रांगांत ठेवा आणि चाळीस फुटी कंटेनर घेऊन वळताना भिंत किती जवळ येते, ते कोरड्या दिवशी एकदा प्रत्यक्ष पाहून घ्या.